रणगाड्याचा वेग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या स्पर्धेत लबाडी झाली होती, पण ती मामांनी केलेली नव्हती. मी केली होती.

मामा आमच्या ऑफिसच्या दारात वॉचमन होते. खेळायला बसण्याआधी दोन्ही अंगठे पँटवर खसाखसा पुसायचे, फोन आडवा धरायचे आणि स्वतःलाच बजावायचे, "दमानं." साठीला टेकलेला, जाड भिंगांचा चष्मा लावलेला माणूस मोबाईलवर कॉलेजच्या पोरापोरींशी लढतोय, हे पाहून तुम्हीही हसला असता. आम्हीही हसलो होतो.

आमची कंपनी लहान. मोबाईलवरचा एक ऑनलाइन खेळ आम्ही बनवतो, दोघांनी समोरासमोर लढायचा. त्यातलं कुठलं पात्र किती वेगानं चालेल, किती लांब झेपावेल, हे आकडे ठरवणं माझं काम. सेहेचाळीस वर्षांचा माणूस हे करून पोट भरतो, यावर सासुरवाडीचा अजून विश्वास बसलेला नाही.

खेळात रणगाडा नावाचा एक गडी होता. अंगानं डोंगर, एक ठोसा बसला की समोरचा अर्धा संपला, पण चालायला जड. आणि भिंगरी होती. ठोसा हलका, पण लागोपाठ दोन झेपा घ्यायची. मारायची, झेपावायची, पुन्हा झेपावायची. रणगाडा वळेपर्यंत ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. त्यामुळे सगळे भिंगरीच घ्यायचे. रणगाडा घेणारे एकटे मामा.

"साहेब, ह्यो रणगाडा न्हवं, बंद पडल्याला ट्रक हाय," एकदा ते म्हणाले.

"मग तुम्ही का घेता?"

"मला त्याची चाल कळती की."

शिरोलीच्या एका फाउंड्रीत मामांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. दोघांनी दांड्याला धरून वितळलेल्या लोखंडाचं भांडं न्यायचं, ते काम. "रस हातात असला की पळायचं न्हाय. फुडच्यानं पाऊल टाकलं की मागच्यानं टाकायचं. पळणारी लई बघितली, साहेब. भाजल्याली बी तीच." रणगाडाही ते तसाच चालवायचे. भिंगरीच्या मागे कधी धावायचे नाहीत. मैदानाचा एकेक कोपरा अडवत जायचे आणि तिला जागा कमी करत आणायचे. दहातल्या तीन लढती जिंकायचे. त्या आकड्यांवर दहातल्या तीन म्हणजे कमालच होती.

त्यांचं मत मी सहज म्हणून विचारलं होतं. त्यांनी ते दोन दिवस विचार करून दिलं.

"रणगाड्याला पळवू नका. जड हाय त्येला जडच ऱ्हाऊ दे. पर तिला उडी मारल्यावर जरा दम लागू दे की. ती पळंना का, पळू दे. पर कवातरी घावाय पायजे. जी कुणालाच घावत न्हाय तिच्यासंगं खेळायचं कशाला? आन खरं सांगू? तिला तरी त्यात काय मजा हाय?"

मी मान डोलावली आणि विसरलो. म्हणजे विसरल्यासारखं केलं. कारण त्याआधीच मालकांसमोर मी ठासून सांगितलं होतं, की आकडे बरोबर आहेत, लोकांना रणगाडा नीट खेळता येत नाही एवढंच. मालक म्हणाले होते, "स्पर्धेत दिसेलच."

आमच्याकडे रीत अशी, की एक आकडा जरी बदलला तरी सामायिक यादीत लिहायचं. कुणी बदलला, कधी, किती. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी रणगाड्याचा वेग थोडा वाढवला. यादीत लिहिला नाही. रणगाडा एक-दोन लढती जिंकला असता, माझा शब्द राहिला असता, आणि स्पर्धा संपल्यावर मी आकडा परत खाली आणला असता. त्यात कुणाचं नुकसान होईल असं तेव्हा वाटलं नाही.

स्पर्धा गावातल्याच एका हॉलमध्ये होती. मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. मामीही होत्या, पहिल्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं नेसून. पहिली लढत जिंकल्यावर मामा माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, गडी आज हलका लागतोय."

"तुमचा हात बसलाय, मामा."

ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. "व्हय?" म्हणाले आणि गेले.

उपान्त्य फेरीत त्यांच्यासमोर भिंगरी खेळणारी एक मुलगी होती, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची. तिनं निम्म्यातच फोन खाली ठेवला.

"थांबवा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझ्या दोन झेपा होईपर्यंत रणगाडा मैदानातल्या पुलाच्या मध्यावर असतो. मी शेकडो वेळा खेळलेय. आज तो पूल उतरून माझ्या अंगावर आला. काका, तुमच्यावर राग नाही. पण हा वेग खरा नाही."

ती बरोबर होती. एवढा बारीक फरक कुणाला कळेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि रणगाडा घेणारे मामा एकटेच, म्हणजे वाढीव वेग दिसणार तो फक्त त्यांच्याकडे. तेही डोक्यात आलं नव्हतं.

"कंपनीचाच माणूस हाय की त्यो," मागून कुणीतरी म्हणालं. "आतनं करून घेतलं असंल."

मालक माझ्याकडे वळले. हातात माईक तसाच होता. "आकडे बदललेत का?"

"नाही," मी म्हणालो.

माझा आवाज हॉलभर ऐकू गेला. इतका साधा, इतका सहज, की मलाच तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

मग मामांचा फोन तपासला. त्यात खेळाची चाचणीची प्रत निघाली, ऑफिसबाहेर कुणाकडे नसते ती. ती मीच त्यांच्या फोनवर घालून दिली होती, मत द्यायला सोपं जावं म्हणून. तिचा त्या वेगाशी काही संबंध नव्हता. पण तेवढं पुरलं.

"हे कुठून आलं?" मालकांनी विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. वाट पाहणं होतं. चार-पाच श्वास जातील एवढा वेळ त्यांनी मला दिला. मी बुटांकडे बघत होतो.

"असंल की," ते शेवटी म्हणाले. "मला त्यातलं काय कळतंय."

मामी उठून पुढं आल्या. "काय झालं ओ?"

"काय न्हाय. संपलं. चल."

त्यांचं खेळातलं खातं कायमचं बंद झालं. स्पर्धेच्या ऑनलाइन पानावर त्यांच्या नावापुढे 'गैरप्रकारामुळे बाद' असं लागलं. आठवड्यात दारावर नवा वॉचमन आला. मामांना वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीनं कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर टाकलं होतं. वाढवलेला आकडा मी त्याच दिवशी, हॉलमधून परतल्या परतल्या, खाली आणला होता.

याहून वाईट अजून सांगायचं आहे. तीन महिन्यांनी मीटिंगमध्ये मी सुचवलं, की रणगाड्याचा वेग आहे तोच ठेवावा, फक्त दुसऱ्या झेपेनंतर भिंगरीला क्षणभर दम लागावा. तसं केलं. खेळ रंगायला लागला. निम्मे लोक रणगाडा घेऊ लागले. भिंगरीवालेही म्हणाले, आता निसटण्यात मजा आहे, कारण सापडण्याची भीती आहे. मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. कल्पना कुणाची, हे मी सांगितलं नाही.

एकदा कागलला गेलो होतो. मामा गेटवर ट्रकचा नंबर वहीत लिहीत होते. मी रस्त्याच्या पलीकडून गाडी वळवली. पुन्हा गेलो ते वर्षभरानं, या वेळी थेट गेटपर्यंत. तिथं दुसराच माणूस होता. "त्ये व्हय? गेलं की गावाकडं. गगनबावड्याच्या अंगाला कुठंतरी." गावाचं नाव त्याला माहीत नव्हतं. मामांचा जुना नंबर लागत नाही. एजन्सीकडे पत्ता असणार. मी अजून मागितलेला नाही.

इथं मी त्यांचं नाव लिहिलेलं नाही, माझंही नाही. म्हणजे यानंही काही फिटलेलं नाही. मामांनी लबाडी केली नव्हती, मी केली होती, आणि खेळ सुधारला तो त्यांच्या सांगण्यानं, एवढं उघड सांगणं मी त्यांचं देणं लागतो. त्यांचं नाव घेऊन, माझं नाव घेऊन, माईकवर, मामींच्या समोर.