पुकारेमामांची अदब

बिलोलीच्या न्यायालयात पुकारेमामांनी "हाजिर हो" अशी आरोळी दिली, की बसस्थानकावरचे प्रवासीही माना वळवीत. पक्षकारांची नावे पुकारणे हे त्यांचे काम, म्हणून हे नाव पडले. मी त्याच आवारातील अर्जनवीस. शिक्षण आठवीपर्यंतचे असले, तरी तालुक्यातील निम्म्या वादांचा आरंभ माझ्या लेखणीने होतो. त्यामुळे आम्हा दोघांचा दर्जा समान, असे माझे मत होते. मामा ते मान्य करीत नसत. "तू कागद काळे करतोस, मी माणूस उभा करतो," असे ते म्हणत.

हाच आवाज घराच्या उंबऱ्याशी उतरत असे. मुलगा लातूरला नोकरीस. घरी मामी आणि सून अनिता. सुनेची अदब मामा फार पाळीत. अनिता समोर उभी असताना ते मामींना म्हणत, "चहा मिळंल का, इचार." मामी तेच वाक्य अनिताला ऐकवीत. अनिताही खाली मान घालून मामींनाच उत्तर देई.

गेल्या वर्षी मामांच्या पाठीवर मोठे गळू झाले. नांदेडला ते कापले आणि जोरकस अँटिबायोटिक कॅप्सूल लिहून दिल्या. जखम भरत आली, पण मामा न्यायालयात बसल्या जागी अस्वस्थ दिसू लागले. एके दुपारी त्यांनी मला बाजूला घेतले. सारखे जुलाब होत होते, पोटात कळा येत होत्या. मी दवाखान्याचा आग्रह धरला. जखम दाखवायला जायचेच आहे, तेव्हा सांगतो, असे त्यांनी कबूल केले.

परत आल्यावर मी विचारले. डॉक्टरांनी स्वतःहून पोटाची चौकशी केली होती; मामांनी सर्व ठीक असल्याचे सांगितले होते.

"सून फाईल घेऊन शेजारी उभी हुती," ते म्हणाले. "तिच्यादेखत हागवणीचं बोलू व्हय मी?"

मी त्याच संध्याकाळी लातूरला मुलास फोन केला. मुलाने वडिलांना विचारले, तेव्हा मामांनी हसून उडवून लावले. म्हणे अर्जनवीसाला काहीबाही तक्रार मांडल्याशिवाय झोप येत नाही. मग त्यांनी जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या परस्पर आणल्या. जुलाब थांबले. मामा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बघ, बंद झालं का न्हाई? कुणाला कळलंबी न्हाई."

त्यानंतर त्यांचे पोट नगाऱ्यासारखे ताणले आणि ताप चढला. नांदेडला नेईपर्यंत ते अर्धवट शुद्धीत होते. डॉक्टरांनी मुलाला आणि मला समजावून सांगितले, की कॅप्सूलनी आतड्यातील चांगले जंतू मारले, वाईट जंतूंनी ती जागा बळकावली आणि आतडे सुजत गेले. अशा वेळी जुलाब कोंडणे घातक असते. वेळेत कळले असते, तर त्या कॅप्सूल बंद करून या जंतूंवरचे वेगळे औषध देता आले असते. आतडे फाटले होते. शस्त्रक्रिया झाली, पण मामा परत आले नाहीत.

दहाव्याला मी अनिताशी सांत्वनाचे चार शब्द बोललो. तिने ते शेवटपर्यंत ऐकले.

"मला ठाऊक हुतं, काका," ती म्हणाली. "मामा पहाटं उठून गुपचूप धोतर धुवायचे. ते कामावर गेले की मी पुन्हा साबणानं धुवायची. त्यास्नी लाज वाटू नये म्हणून मीबी बोलले न्हाई."



पुढे काही महिन्यांनी मामी छातीत कफ होऊन आजारी पडल्या. मी भेटीस गेलो, तेव्हा कंधारचे व्याही ओसरीवर बसले होते. अनिता चहा घेऊन आली, तबक खाली ठेवले आणि सर्वांदेखत विचारले, "आत्याबाई, कॅप्सूल चालू हायत. पोट कसं हाय? पातळ होतंय का?"

"अगं, माणसं बसलीत."

"बसू द्या. सांगा."

व्याह्यांनी चहाची बशी ओठांपाशी नेऊन तशीच धरली. मामींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि सांगितले.