सोमवारचे डॉक्टर

लालबागच्या आमच्या डॉक्टरांना पेशंटचं नाव आठवत नसे, खातं मात्र पक्कं लक्षात राही. कुणी आत आलं की पहिला प्रश्न, "गिरणीत कुठल्या खात्यात?" दुखणं मग. ठाकूरद्वारचं घर सोडून दवाखान्याच्या वरच राहायला आलेला हा इस्त्रीच्या कोटातला माणूस गिरणी आतून ओळखून होता. साच्यांवरच्या विणकरांना मागांच्या खडखडाटाने कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्याशी तो आपण होऊन मोठ्याने बोले. कापूस पिंजायच्या खात्यातला कुणी खोकत आला की सांगे, "आज औषध देतो. पण सोमवारी पाळी सुटली की या."

रविवारच्या सुटीत छाती मोकळी होते आणि सोमवारी पुन्हा कापूस नाकात गेला की आवळते, असं त्यांचं म्हणणं. "साधा खोकला वार बघत नाही," ते म्हणत.

माझे वडील त्याच खात्यात होते. गावाकडची कितीतरी माणसं त्यांनी तिथे चिकटवली होती, त्यामुळे खात्यात त्यांचा शब्द चाले. खोकल्याचा दोष ते मुंबईच्या पाण्याला देत, कारण मे महिन्यात गावी गेले की खोकला पळे. अख्ख्या चाळीचं हेच मत. डॉक्टरांनी खातं बदला म्हटलं की वडील हसत, "त्यापेक्षा गावचा पाणी बाटलीत भरून द्या."

मग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गिरण्या काही दिवस बंद राहिल्या. वडील घसा फाटेस्तोवर घोषणा देत हिंडले, आणि खोकला गेला. ही खूशखबर द्यायला ते डॉक्टरांकडे गेले. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. मीही बरोबर होते.

"पाणी कुठलं प्यायलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"नळाचाच."

"मग गेला कशाने?"

वडील उठून चपला शोधू लागले. "गिरणी सुरू झाली की सोमवारी या," डॉक्टर म्हणाले.

वडील गेले नाहीत. त्या सोमवारी कामावरून परतताना ते जिन्यातच धापा टाकत बसले. मी डॉक्टरांना बोलावून आणलं. सर्टिफिकेट द्या म्हटलं, तर म्हणाले, "कागदावर दमा लिहिला की गिरणी माणूस काढते, कापूस नाही." मग त्यांनी परस्पर हेड जॉबरला, खात्यांत माणसं नेमणाऱ्या मुकादमाला, गाठलं. तोही त्यांचाच पेशंट. आठवड्याभरात वडील कापड घडी करायच्या खात्यात गेले.

घरात वडिलांनी धोतराचीही घडी कधी घातली नव्हती. पगार घटला, गावची माणसं दुसऱ्याच्या हाताखाली गेली. "माका घड्या घालूक बसयल्यान," एवढं बोलून त्यांनी डॉक्टरांचं नाव टाकलं. वडिलांना न विचारता डॉक्टरांनी हे केलं, ते मलाही खटकलं. आजही खटकतं. पण पुढे घरात रात्री झोप लागू लागली, हेही खरं.

महाराष्ट्र झाला त्याच वर्षी डॉक्टर अचानक गेले. दवाखान्यासमोर गर्दी जमली. वडील कामावरून परस्पर तिथे गेले. भोईवाड्याच्या स्मशानापर्यंत त्यांनी कुणाला खांदा बदलू दिला नाही, असं बरोबर गेलेल्या माझ्या भावाने आल्यावर सांगितलं.

वडील अंघोळ करून खाटेवर बसले. आईने चहा दिला.

"दमलात?"

"नाय." चहा संपल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. "आज सोमवार मां?"

आई हो म्हणाली. वडिलांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.