कुलूप न उघडता सुटलेली बोट

मागच्या मंगळवारी मी एका बोटीचं नाक कापलं. मी जनावरांची डॉक्टर आहे, कंधार तालुक्यात नोकरीला... बोटी तशा माझ्या कामात येत नाहीत.

सकाळी साडेनऊला सुमनबाईंचा फोन आला. त्यांची पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणारी म्हैस धरणाच्या पाण्यातल्या बेटावर व्यायला बसली होती आणि अडली होती. उन्हाळ्यात त्या बेटावर चालत जाता येतं. आता धरण भरलंय, म्हणून म्हशी पोहत चरायला जातात आणि सुमनबाईंचे मालक गणपतराव एकीचं शेपूट धरून मागोमाग. दिवस भरलेली म्हैस सोडलीच कशी, हे विचारण्यात अर्थ नव्हता. ती गेली होती.

गणपतराव तिच्यापाशीच होते. पाणमोट फुटून दोन तास झाले, पुढचे दोन पाय दिसतायत, तोंड नाही... एवढं त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेलेल्या फोनवरून नीट सांगितलं. म्हणजे रेडकाची मान मागे वळलेली. अशा वेळी उशीर झाला की आधी रेडकू जातं, मग म्हैस.

काठावर पोचले तर सुमनबाई बोटीपाशी उभ्या. बोट मारोतीमामांची, मासे धरायची, फायबरची. तिच्या नाकाला एक भोक, भोकातून साखळी, ती बाभळीच्या बुंध्याला, आणि साखळीला मुठीएवढं कुलूप. महिन्याभरापूर्वी कुणाची तरी बोट चोरीला गेली, तेव्हापासून सगळ्यांनीच कुलपं लावलीत.

मारोतीमामा मुलीच्या ॲडमिशनसाठी लातूरला गेलेले. चावी घरात खुंटीला आहे, असं फोनवर म्हणाले. मामींनी खुंटी, डबे, गाद्या, देवघर, सगळं उलथंपालथं केलं... चावीचा पत्ता नाही. अर्ध्या तासाने मामांचाच फोन आला, "सापडली, सापडली! माझ्या करदोड्यालाच हाय!" कमरेला चावी बांधून मामा लातूरच्या बसस्टँडवर उभे होते.

तेव्हा मला हसू आलं नाही. आता लिहिताना येतंय.

कुलपावर दगड घालून पाहिला. दगड फुटला. शेळ्या राखणाऱ्या एका आजोबांनी आपली कुऱ्हाड पुढे केली, पण मामा फोनवरूनच ओरडले, "कुऱ्हाड लावू नका, तडा गेला की बोट गेली माझी!" त्यांचं बरोबर होतं. त्यांचं घर त्याच बोटीवर चालतं.

मग मला बॅगेतली तार आठवली. रेडकू पोटातच मेलं आणि काही केल्या निघेना, तर ही तार आत घालून ते कापून बाहेर काढावं लागतं. ऐकायला भयंकर आहे, पण त्यानेच म्हैस वाचते. पीळ घातलेली, खरखरीत, हाडसुद्धा कापणारी तार. साखळीच्या भोकातून ओवून बाहेरच्या बाजूला ओढत नेली, तर चार बोटं फायबर सहज कापलं जाणार होतं आणि तडाही जाणार नव्हता.

फक्त... तार एकच होती.

फायबरवर घासली की ती संपली. पल्याड रेडकू मेलेलं निघालं तर माझ्या हातात काहीच राहणार नव्हतं. बाभळीखाली उभी राहून मी शक्यता मोजत बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी सुमनबाईंना सगळं समजावून सांगितलं, कारण म्हैस त्यांची होती.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग हितं जपून ठिऊन काय करताव, मॅडम? म्हस तर पल्याड हाय."

एवढंच. मी बॅग उघडून तार बाहेर काढली.

मामांना फोनवर विचारलं. "तारेनं होय? कापा की. नाक पुन्हा बसवता येतंय," म्हणाले. सुमनबाईंनी एक टोक धरलं, मी दुसरं. साखळी सुटली तेव्हा तारेचे दोन तुकडे आमच्या हातात होते.

बोट सुमनबाईंनीच वल्हवली. मी बॅग मांडीवर धरून बसले होते.

म्हैस आडवी पडली होती, कळा थांबलेल्या. हात घातला. रेडकाच्या पायाला चिमटा घेतला... हालचाल नाही. मान चाचपत तोंडापर्यंत पोचले आणि तोंडात बोट घातलं. जिवंत रेडकू पोटातही बोट चोखतं, मेलेलं चोखत नाही. तपासणी इतकी साधी आहे.

काही नाही.

सुमनबाई म्हशीचं शिंग धरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी चेहरा तसाच ठेवला. आमच्या कामात ते जमावंच लागतं. पण आतून मला रडू फुटायचं बाकी होतं. ते तारेचे तुकडे बोटीत पडले होते आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मग बोटाखाली जीभ हलली. अगदी थोडी... पण हलली.

पुढचा पाऊण तास कष्टाचा होता, काळजीचा नव्हता. रेडकू मागे ढकललं, मान वळवून सरळ केली, पायांना दोऱ्या बांधल्या. गणपतरावांनी ओढलं. वगार झाली, म्हणजे मादी रेडकू. शिंकली, आणि म्हैस स्वतःहून उठून तिला चाटायला लागली.

परत येताना सुमनबाईंनी विचारलं, "मॅडम, हात काहून थरथरायलेत तुमचे?" तार ओढून ओढून, असं मी सांगितलं.

खोटं होतं, सुमनबाई. मी घाबरले होते. आणि तुम्ही तेव्हा ते एक वाक्य बोलला नसतात, तर मी ती तार जपत त्या बाभळीखालीच उभी राहिले असते... म्हैस मरेपर्यंत.