थंडीचा पेपर

पहिला शोधनिबंध मी सालेकशाच्या दवाखान्यात नोकरीला असताना लिहिला. सिकलसेलचे पेशंट तिथे नेहमी यायचे, अंग दुखून कळवळत. थंडीत हे दुखणं वाढतं असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, पण आमच्याकडे गर्दी व्हायची ती पावसाळ्यात, भाताच्या रोवणीच्या दिवसांत. दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून राहायचं, पाणी प्यायचं नाही आणि मग सांधे धरून दवाखाना गाठायचा. मी तेवढंच लिहिलं: आमच्याकडे थंडीपेक्षा रोवणीत जास्त पेशंट येतात. एका लहानशा नियतकालिकात ते छापून आलं. बाबांनी तो अंक विहारात नेऊन सगळ्यांना दाखवला. पुढे मीही विसरले.

बऱ्याच वर्षांनी मेडिकल कॉलेजातल्या जागेसाठी अर्ज करायची वेळ आली. आपण किती पेपर लिहिले आणि इतरांनी त्यांचा संदर्भ किती वेळा घेतला, हे त्यात भरायचं होतं. सोबतच्या तरुण डॉक्टरने कम्प्युटरवर माझं नाव टाकलं आणि तो खुर्चीतून उठलाच.

"मॅडम, आप तो फेमस हो! हा पहिला पेपर बघा, केवढ्या लोकांनी घेतलाय."

मला वाटलं, माझ्याच नावाची दुसरी कोणी असेल. पण पेपर माझाच होता. मग मी संदर्भ घेणारे लेख एकेक उघडून वाचायला बसले. पहिल्यात लिहिलं होतं, थंडीत सिकलसेलचं दुखणं वाढतं. आधार म्हणून माझं नाव. दुसऱ्यातही तेच. तिसरा लेख परदेशातला, त्यातही तेच.

"अरे, मी तर उलटं लिहिलं होतं!"

"एकाने चुकीचं वाचलं असेल, बाकीच्यांनी त्याचं पाहून टाकलं," तो म्हणाला. "जाऊ द्या ना मॅडम. गिनती तो आपकी बढ रही है."

घरी जाऊन मी मूळ पेपर पुन्हा वाचला. थंडीचा उल्लेख सुरुवातीलाच होता, रोवणी खाली कुठेतरी. लोकांनी वरचंच वाचलं असेल, की माझं इंग्रजीच फसलं होतं? वाचता वाचता मलाच कळेनासं झालं.

मुलाखतीत समोरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक कौतुकाने म्हणाले, "थंडीवरचं तुमचं काम चांगलं आहे."

"सर, ते थंडीवरचं नाही. रोवणीवरचं आहे."

त्यांनी हातातला कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "पण सगळे तर थंडीच म्हणतात."

मी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. माझी निवड झाली. कशामुळे झाली, ते विचारायचं धाडस झालं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी बिरसीला भावाकडे गेले. वहिनी दरेकशाकडची, पेपर छापून आल्यावर लग्न होऊन आलेली, आणि तिलाही सिकलसेल. अंगणात ती तांदूळ निवडत होती. डोक्यावरून शिकाऊ पायलटांचं विमान घरघरत गेलं. ते दूर गेल्यावर मी तिला हा सगळा घोळ सांगितला. वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल.

"थंडीत दुखते ना ताई," ती म्हणाली. "काऊन नाही दुखणार? जास्तच दुखते."

"मग थंडीत दवाखान्यात कायले नाही येत तुम्ही लोक?"

"थंडीत काम कमी राहते. गोधडी घेऊन पडून राहते मी. रोवणीत पडून कसं चालंल? म्हणून सुई घ्यायले धावतो आम्ही."

माझा पेपर चुकीचा वाचणारे बरोबर होते का? की चुकून बरोबर ठरले होते? दवाखान्यात कोण येतं एवढंच मी मोजलं होतं, आणि तेही खोटं नव्हतं.

"मंग खरं काय लिहायचं?" वहिनीने विचारलं.

"मलाच समजून नाही राहिलं."

पुढलं वर्षभर मी पेशंटना दोन्ही ऋतूंचं विचारत गेले. कोणी थंडी म्हणालं, कोणी रोवणी, कोणी नुसतं हसलं. त्यावर नवा पेपर लिहिला. तो परत आला. निष्कर्ष स्पष्ट नाही, असा शेरा होता. तो शेरा मात्र मला पूर्ण पटला.