तोंडावरचा हात

देवगाव फाट्यावर एसटीतून उतरलं की पुढं वस्तीपर्यंत चालत जावं लागायचं.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला तेव्हा त्या गावातली बौद्ध वस्ती जाळली गेली होती. त्याला बरीच वर्षं झाली होती. भिंती पुन्हा उभ्या राहिल्या होत्या, पत्रे नवे आले होते. पण काही बायांची झोप गेली ती गेलीच होती. एकीला चूल पेटवता येत नव्हती. दुसरीची लग्नातल्या फटाक्यांच्या आवाजानं दातखीळ बसायची. परभणीच्या एका डॉक्टरीणबाईंनी या बायांचा गट करायचं ठरवलं आणि समाजकार्य शिकून नुकत्याच परतलेल्या मला तिथं धाडलं.

"काय घडलं ते विचारायचं नाही," त्यांनी मला बजावलं होतं. "आज अंगात काय होतं, तेवढंच बोलायचं. शेजारच्या बाईला आपण जसं मायेनं समजावतो, तसं स्वतःला समजावता येतं का, ते हळूहळू बघायचं. करुणाच आहे ती, फक्त स्वतःकडं वळवलेली."

ऐकायला सोपं होतं. पण मी सेलूकडच्या जमीनवाल्या शेतकरी घरातली. पहिल्याच दिवशी, विहारात गोल करून बसल्यावर, गटातल्या सगळ्यात थोरल्या बाईनं विचारलं, "ताई, तुमचं गाव कोन्तं? कुनाच्या तुमी?" प्रश्न नुसता गावाचा नव्हता. मी खरं ते सांगितलं. आता एकेक जण उठून जाणार असं मला वाटत राहिलं. मग ती थोरली म्हणाली, "बसा. च्या घ्या." मी कप उचलला तो चहा बशीत सांडला. कुणी हसलं नाही.

त्यानंतर दर आठवड्याला आम्ही बसू लागलो. छातीवर तळवा ठेवायचा, श्वास सावकाश सोडायचा, आणि स्वतःला एखादा मायेचा शब्द बोलायचा. एकमेकींना त्या भरभरून बोलायच्या. स्वतःवर वेळ आली की माना खाली जायच्या. "करुणा तर आमी वंदनेत रोज म्हनतो," थोरली म्हणाली. "पर ती दुसऱ्यासाठी असती, ताई."

गटातली एक बाई कधीच काही बोलत नव्हती. तिची मुलगी चौथीत होती. बैठक चालू असताना ती पोर बाहेर खेळायची. पोरीला बरं नसलं की आई तिच्याजवळ जायची नाही, गटात येणारी तिची जाऊच पोरीचं सगळं बघायची. एका दुपारी पोरीला बाहेर खोकल्याची उबळ आली. आईचं अंग ताठ झालं. आणि कुणी काही विचारलेलं नसताना ती बोलू लागली.

"मीच दाबलं व्हतं तिचं तोंड. उभ्या पिकात दडून बसलो व्हतो आमी. बांधावरून मानसं जायली व्हती, हातात टेंभे घेऊन. ही तान्ही, रडायली व्हती. मी तोंडावर हात दाबला. निळी पडली, तरी सोडला न्हाई. आई म्हनायची का मला?"

हे मी उकरलं नव्हतं, ते आपणहून वर आलं होतं. पण ते सावरायचं कसं, हे मला कुठं नीट येत होतं? जे सुचलं ते विचारलं. "हेच तुमच्या जावेनं केलं असतं, तर तिला तुम्ही काय म्हणाला असता?"

"म्हनले असते, बाई, तू लेकरू वाचवलंस." एका क्षणात उत्तर आलं.

"मग हेच स्वतःला..."

"न्हाई!" ती उठली आणि अनवाणीच शेताच्या दिशेनं निघाली.

"तिकडं हीर हाय," कुणीतरी म्हणालं.

आम्ही धावलो. माझे पाय ढेकळात अडखळत होते आणि डोक्यात एकच चालू होतं, हे आपण काय करून ठेवलं. ती विहिरीच्या पलीकडं, बांधाला, गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. जाऊ तिच्या पाठीला पाठ लावून बसली. मी जरा लांब बसले. उन्हं कलेपर्यंत आम्ही तिथंच बसलो. मग जावेनं तिला घरी नेलं.

तो आठवडा मला अन्न गोड लागलं नाही. पुढच्या बैठकीला निघाले तर वाटेत मोर्चानं एसटी अडवली. घोषणा ऐकू येत होत्या, नामांतराच्या बाजूच्या की विरोधातल्या, तेही कळेना. त्या बाईच्या कानावर हे आवाज गेले असतील तर काय, एवढंच मनात येत होतं.

पोचले तेव्हा ती विहारात आधीच येऊन बसली होती.

"सांगितलं मी पोरीला," ती म्हणाली.

एवढ्याशा पोरीला! "काय म्हणाली ती?"

"म्हनली, मंग मी चावले का न्हाई तुला? मी म्हनलं, दात कुठं व्हते येडे, तुला!"

सगळ्या हसल्या. थोरली हसता हसता रडायला लागली. ती आईही हसली, मग म्हणाली, "तरी बी वाटतंच मला, मीच..."

"वाटू दे," जाऊ म्हणाली. "आमी हाव की."

त्या दिवशी तिनं पहिल्यांदा स्वतःच्या छातीवर हात ठेवला. चटका बसल्यासारखा लगेच काढला. जरा वेळानं पुन्हा ठेवला.

ती एकदम बरी झाली असं नाही. मधेच बिनसायचं, बैठका बुडायच्या. पण पुढच्या पावसाळ्यात पोरीला ताप आला तेव्हा उशाशी तीच बसली होती, असं जावेनं मला सांगितलं.

बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं. आनंदाची बातमी, पण फाट्यावर पोलिसांची गाडी उभी राहिली आणि अफवा सुटल्या. जायला घरच्यांचा विरोध होता, तरी मी सकाळच्या गाडीनं गेले. बाया लेकरांना घेऊन विहारात जमल्या होत्या. दार त्या आईनंच उघडलं.

"आज कशाला आल्या, ताई? वाटंत कायबी झालं असतं तर? भ्या वाटत न्हाई का तुमाला?"

"लय वाटायलंय," मी म्हणाले.

तिनं मनगट धरून मला आत ओढलं आणि कडी लावली.