दोन दातांची रीत

किंमत ऐकली की माणूस एक तर खिशात हात घालतो, नाही तर घासाघीस करतो, अशी माझी लग्नापर्यंत समजूत होती. ती माझ्या मामेसासऱ्यांनी मोडून काढली. पृथ्वीच्या पाठीवर असं दुसरं गिऱ्हाईक नाही, हे मी कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. ते लगेच पैसे काढत नाहीत आणि घासाघीसही करत नाहीत. ‘एक रुपया कमी करा’ असं त्यांनी कोणाला म्हटलेलं मी आजवर ऐकलं नाही. ते चष्मा कपाळावर सरकवतात, दुकानदाराकडे मोठ्या प्रेमानं बघतात आणि म्हणतात, “उत्तर समजलं. आता रीत सांगा.”

रीत म्हणजे ती किंमत तयार कशी झाली ते, पहिल्या पायरीपासून. मामाजी ब्रह्मपुरीच्या एका शाळेत गणित शिकवून रिटायर झाले. उत्तर बरोबर पण रीत नाही, अशा पेपरवर ते लाल शाईनं भोपळा काढत, आणि रीत बरोबर असून शेवटी उत्तर चुकलेल्या पोराला जवळ बोलावून पाठ थोपटत. ब्रह्मपुरीत आज ज्यांची दुकानं, दवाखाने आणि वकिली चालू आहे, त्यांच्यातल्या निम्म्यांनी तरी हा भोपळा पाहिलेला आहे. त्यामुळे मामाजी दुकानाची पायरी चढले की गल्ल्यावरचा माणूस आधी अदबीनं उठून उभा राहतो आणि मग मागच्या दारानं जेवायला जातो. एका उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर कूलर घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं आधी चहा मागवला, मग खुर्ची दिली, मग स्वतः खुर्चीत बसला आणि शेवटी ‘गुरुजी, उद्या या ना,’ म्हणून हात जोडले. मामाजी उद्या गेले.

मी स्वतः या परीक्षेतून गेलेलो आहे. मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीचे पाहुणे माझं गाव आणि शिक्षण विचारत होते. मामाजी कोपऱ्यात पोहे संपवत होते. ते संपवून ते म्हणाले, “पगार किती हे मी विचारत नाई. तेवढाच काऊन, हे सांगा.” मी नागभीडला रेल्वेत आहे. त्या दिवशी मूळ पगार, महागाई भत्ता आणि कापून जाणारे पैसे, सगळं मी घामाघूम होत पायरीपायरीनं सांगितलं. मामाजींनी ताटली खाली ठेवली आणि घरात हाक मारली, “पोरगा रीत सांगते. द्या पोरगी.” आमच्या सौभाग्यवती अजूनही म्हणतात की मला कोणी विचारलंच नाही.

पण या माणसावर मी जीव टाकायला लागलो तो बाजारातल्या एका सकाळी. भामरागडकडची एक बाई पोत्यावर चारोळी मांडून बसली होती. भाव ऐकून लोक पुढे जात होते. मामाजी तिच्यासमोर उकिडवे बसले. “बाई, एवढी महाग काऊन?” त्यांच्या विचारण्यात हुज्जत नाही हे तिला कळलं असावं. तिनं सगळं सांगितलं. चाराच्या झाडाची फांदी कशी ठिसूळ असते, फळं भिजवून कशी चोळायची, बिया वाळवून जात्यावर कशा हलक्या हातानं फोडायच्या म्हणजे आतला दाणा मोडत नाही. “आन् अस्वलबी त्याच झाडाखाली येते जी,” ती म्हणाली. मामाजींनी चारोळी घेतली आणि तिनं सांगितल्याहून जास्त पैसे तिच्या हातावर ठेवले. ती परत द्यायला लागली तर म्हणाले, “तुमचं उत्तर चुकलं, बाई. रीतीनं जास्त येते.” मी मागे पिशवी धरून उभा होतो. त्या दिवसापासून त्यांची पिशवी मी आनंदानं धरतो.

आता मामींबद्दल. ब्रह्मपुरीत त्यांच्या वॉर्डातल्या बुद्धविहारात दर रविवारी सकाळी मामी वंदना घेत, आणि नागभीडहून मीही बहुतेक रविवारी तिथं जातो. त्यांचा आवाज मोठा नाही, पण असा स्वच्छ आहे की त्यांनी ‘नमो तस्स’ म्हटलं की दारात चपला काढणारा माणूसही घाईनं हात जोडतो. मामींनी एक ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी ती मागून म्हणायची. मामाजी पुरुषांच्या शेवटच्या रांगेत बसत आणि सगळ्यांत मोठ्यानं आणि सगळ्यांत बेसूर म्हणत. एकदा मी भीत भीत तसं सुचवलं. ते म्हणाले, “मागून म्हनायची रीत आहे, जवाईबापू. सुरात म्हनायची नाई.”

धानाची कापणी उरकत आली होती तेव्हाची गोष्ट. दोघं आमच्याकडे नागभीडला येऊन एसटीनं परत निघाले. वाटेत जंगलाच्या पट्ट्यात रानडुकरांचं अख्खं कुटुंब रस्त्यावर उतरलं. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. डुकरं वाचली, गाडी वाचली, आणि मामींचं तोंड समोरच्या सीटच्या दांडीवर आदळलं. वरचे समोरचे दोन दात गेले. एक तिथंच पडला, दुसरा मुळातून मोडला होता, तो नंतर डॉक्टरनं काढला. लोकांचं मत पडलं की रानडुकरानं धान खाल्लं तर भरपाई मिळते, मग दातांनी काय घोडं मारलं. मामाजी खरोखरच वनखात्याच्या ऑफिसात विचारायला गेले. टेबलामागच्या माणसानं शांतपणे विचारलं, “गुरुजी, डुकरानं बाईंले धडक मारली का?”

“नाई जी. ते आपलं रस्ता ओलांडून राह्यलं होतं.”

“मंग त्याचा काय दोष?”

मामाजी घरी येऊन म्हणाले, “मानूस रीतीनं बोलला.” त्यांच्यापुरता तो विषय तिथं संपला.

मामींचा संपला नाही. पुढच्या रविवारी त्या वंदनेला उभ्या राहिल्या आणि ‘तस्स’ म्हणताना दातांच्या जागेतून नुसती हवा गेली. कोणी हसलं नाही. विहारातले लोक तेवढे चांगले आहेत. पण मामी पहिल्या ओळीनंतर थांबल्या, आणि त्यानंतर बायकांच्या मागच्या रांगेत तोंडाला पदर लावून बसायला लागल्या. काढता-घालता येणारे दात करून झाले. ते बोलताना हलतात म्हणून मामींनी ते वाटीत ठेवून दिले. “वंदना म्हनताना तोंडात खडखड नाई चालत मले,” त्या म्हणाल्या. शेजारचे चांगले दात घासून त्यांच्या आधारावर नवे बसवायचे, याला त्यांनी साफ नकार दिला. राहिलं इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू आणि स्क्रूवर दात. मामींचं मागणं एकच होतं. येत्या वैशाख पौर्णिमेला वंदना त्यांना स्वतः घ्यायची होती.

ब्रह्मपुरीतली दातांची डॉक्टर मामाजींची विद्यार्थिनी निघाली. तिनं तपासलं आणि दोन दातांचा आकडा सांगितला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तेवढ्यात एक जुनी पण चालू मोटारसायकल आली असती. मामाजी शांत होते. चष्मा कपाळावर गेला. “उत्तर समजलं, बेटा. रीत?”

बाहेर पेशंट ताटकळत होते. “सर, ते पूर्ण पॅकेज आहे,” ती म्हणाली. “पण जास्त थांबू नका. दात गेला की तिथलं हाड झिजत जातं.”

हाडाचं वाक्य मामाजींनी ऐकलंच नाही. पॅकेज हा शब्द त्यांना कोणी शिवी दिल्यासारखा लागतो. झालं, आमची यात्रा सुरू झाली. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, जिथं दाताचं चित्र असलेली पाटी दिसेल तिथं मामाजी चढणार आणि मागून मी. एका ठिकाणी निम्म्यात होत होतं. मी मनातल्या मनात मामींना पौर्णिमेला उभंही केलं. मामाजींनी विचारलं, “यात काय काय नाई, ते सांगा.” तेव्हा कळलं की तो आकडा नुसत्या स्क्रूचा आहे. स्क्रू आणि दात जोडणारा मधला तुकडा वेगळा, वरचा दात वेगळा, स्कॅन वेगळा. दुसरीकडे आकडा दुप्पट, कारण स्क्रू परदेशी. तिथं मामाजींचा प्रश्न होता, “धा वर्सांनी याचा सुटा भाग भेटन का?” तो डॉक्टर इतका खूश झाला की त्यानं फीच घेतली नाही. हळूहळू मामाजींना इतकं कळायला लागलं की परतीच्या जीपमध्ये ते शेजाऱ्यांना समजावून सांगत. नुसता आकडा विचारू नका, आत काय काय धरलं ते विचारा, दात बसला नाही तर पुढं कोण बघणार ते विचारा. एकदा दाटीवाटीनं बसलेल्या एका अनोळखी माणसानं त्यांच्यासमोर तोंड उघडून दाढ दाखवली, आणि मामाजींनी वाकून ती बघितलीही.

यात हिवाळा गेला. जंगलात मोहाची फुलं पडायला लागली. मामाजी सगळी रीत तोंडपाठ करून पुन्हा त्याच ब्रह्मपुरीच्या डॉक्टरकडे आले, कारण तिचा आकडा त्यांच्या हिशेबाशी सगळ्यांत जवळ जुळत होता. तिनं स्कॅन केला आणि पडदा आमच्याकडे वळवला. समोरचं हाड पातळ झालं होतं. आता आधी तिथं हाडाची भुकटी भरायची, ती धरेपर्यंत काही महिने थांबायचं, मग स्क्रू, मग पुन्हा थांबायचं, मग दात. खर्च वाढला तो वेगळाच. वैशाख पौर्णिमा तर गेलीच.

मामी खुर्चीतच होत्या. त्यांनी मामाजींकडे बघितलं. “तुमाले भाव समजला ना? झालं तं मंग.” त्या रागावल्या असत्या तर मामाजींनी रागाची रीत विचारली असती. त्या रागावल्या नाहीत, त्यांनी पदर तोंडाला लावला.

मामाजी बाहेरच्या बाकावर येऊन बसले. चष्मा हातात होता. तो पुसत म्हणाले, “जवाईबापू, रीत पुरी बरोबर लिवली म्या. पेपरचा टाइम संपून गेला.” इतकी वर्षं मी या माणसाला मनातून हसत आलो, पण त्या बाकावर मला त्यांची दया आली. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

मग ते उठले, आत गेले आणि म्हणाले, “बेटा, सुरू कर. रीत नको.”

आता गंमत अशी की ती ऐकेना. तिनं पुढच्या पेशंटला थांबायला सांगितलं, खुर्ची ओढून मामाजींच्या समोर बसली आणि म्हणाली, “नाही सर, आता ऐकूनच घ्या. तुम्ही मला एकदा भोपळा दिला आहे.” आणि तिनं एकेक पायरी सांगितली. स्क्रू कुठून येतो, भुकटी कशाची, वरचा दात नागपूरला कोण घडवतो, हत्यारं स्वच्छ ठेवायला काय लागतं, नंतरच्या तपासण्या किती आणि त्यांचे पैसे का वेगळे नाहीत. शेवटी म्हणाली, “आणि राहिले ते माझ्या हाताचे.” मामाजींनी मनात बेरीज केली. त्यांचा चेहरा मी ओळखतो. बाजारातल्या त्या सकाळी तो असाच झाला होता. “उत्तर चुकलं, बेटा. हाताचे कमी धरले तू.”

“चुकलं नाही, सर. तुमच्या शिकवणीचे वजा केले.”

 मामाजींनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

वैशाख पौर्णिमेला मामी मागच्या रांगेत बसल्या. वंदना दुसऱ्या बाईनं घेतली, आणि मामाजींनी मागून म्हटलं ते इतक्या हळू की मला ते आजारी वाटले. पावसाळ्याच्या शेवटी स्क्रू बसले. पुन्हा धान कापून झालं, थंडी पडली, तेव्हा दात बसले. मामींनी आरशात एकदाच बघितलं म्हणतात, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भाजीला फोडणी देताना हळूच ‘नमो तस्स’ म्हणून पाहिलं. मामाजी दाराआड उभे राहून ऐकत होते, हे मामींनीच माझ्या बायकोला सांगितलं.

पौर्णिमेची वाट मामींनी बघितली नाही. तो साधा रविवार होता. विहारात नेहमीची माणसं होती. मामी आल्या त्या मागं न बसता सरळ पुढे गेल्या. जी बाई वर्षभर वंदना घेत होती ती बाजूला सरकली. मामींनी खांद्यावरचा पदर नीट केला, हात जोडले आणि पहिली ओळ म्हटली. एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही. सगळ्या विहारानं ती मागून म्हटली. मला मधेच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या ओळीला लक्षात आलं की तो मोठा बेसूर आवाज आज नव्हता. मी वळून बघितलं. मामाजी शेवटच्या रांगेत हात जोडून, ओठ मिटून बसले होते. त्यांचे डोळे मामींवर होते. शेवटपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.

बाहेर चपला घालताना मी विचारलं, “मामाजी, आज मागून म्हटलं नाई तुमी?”

“ऐकून राह्यलो होतो,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी म्हनीन.”

त्यानंतर पुष्कळ रविवार झाले. मामी दर वेळी पुढे बसतात. लोक मागून सुरात म्हणतात, आणि तो एक बेसूर आवाज नसल्यामुळे विहार मला थोडा सुना वाटतो. मामाजी शेवटच्या रांगेत असतात. ते अजून ऐकतच आहेत.