वाकडा काप

"मॅडम, आज तरी सांगा. पेटंट टिकतंय का जातंय?" जिना चढून आल्या आल्या भाऊसाहेबांनी विचारलं.

"अजून तपासणी चालू आहे," मी म्हणाले. गेल्या सोमवारीही हेच उत्तर दिलं होतं.

भाऊसाहेबांचं लासूर स्टेशनला कापसाचं आडत दुकान होतं आणि गावी मोसंबीची बाग. त्यांनी आणि त्यांच्या तीन मित्रांनी अविनाश नावाच्या तरुण इंजिनिअरच्या कंपनीत पैसे घातले होते. अविनाशला पेटंट मिळवून दिलं होतं मी. मी पेटंट एजंट. शहागंजात कापडाच्या दुकानावर दोन खोल्या, तेच माझं ऑफिस.

ती दुष्काळाची वर्षं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, आणि तरी दर महिन्याला माळावर एखाद्या नव्या सोसायटीचा बोर्ड लागायचा. खेड्यांत लोक टँकरच्या पाण्यावर बागा जगवत होते. ते पाणी गढूळ, त्यामुळे ड्रिपर चोंदायचे. ड्रिपर म्हणजे ठिबकच्या नळीवरची ती छोटी डबी, जिच्यातून थेंब पडतात. अविनाशच्या डबीत काप दिलेली रबराची एक चकती होती. पाणी सुरू होताना ती क्षणभर उघडायची, गाळ बाहेर टाकायची आणि मग आवळून बसायची.

पेटंट मिळालं की लोकांना वाटतं, काम संपलं. तसं नसतं. जाहीर झाल्यापासून वर्षभर कुणीही हरकत घेऊ शकतं, आणि मग सगळं पुन्हा तपासलं जातं. एका मोठ्या कंपनीने तशी हरकत घेतली होती. त्यांचं म्हणणं, यात नवीन काय? या धंद्यातल्या कुणालाही हे सहज सुचलं असतं. आमच्या भाषेत 'ऑब्व्हियस'. ते पटलं तर पेटंट रद्द. भाऊसाहेबांनी कंपनीच्या शेंद्र्याकडच्या नव्या शेडचं काम अर्ध्यावर थांबवलं होतं. डब्या बनवणाऱ्या वर्कशॉपमधल्या बायकांना आपली नोकरी राहते की नाही, याची धास्ती होती.

उत्तर तयार करताना मी अविनाशला विचारलं, "चकतीवरचा काप असा वाकडा का? सरळ का नाही?"

"तसा जास्त चांगला चालतो."

"का चालतो?"

तो म्हणाला, "सुमनबाईंना विचारावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मी चिकलठाण्याच्या वर्कशॉपवर गेले. सुमनबाई चकत्या कापायचं काम करायच्या. पंचेचाळिशीच्या असतील. शेत कोरडं पडल्यावर गंगापूरकडून शहरात आलेल्या.

"सरळ कापला की त्यात खडा आडकतो," त्या म्हणाल्या. "दोन्ही कडा मिटत नाय. वाकडा केला की एकच जीभ ऱ्हाती. ती उलटती आन् माती थुकून टाकती."

"हे लगेच जमलं?"

"नाय ओ, लई दिस लागले. घरच्या ड्रमच्या तळाचा गाळ आणून बघायची."

त्यांनी कपाटातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत पन्नास-साठ कागदी पुड्या. प्रत्येकीत एक फसलेली चकती आणि वर तारीख. ही गळली, ही चोंदली, असंही लिहिलेलं.

"फेकल्या का नाहीत?"

"सायेब म्हणले व्हते, बिघडलेला माल दाखवायचा. म्हणून ठिवल्या."

मी तिथंच स्टुलावर बसले. दिवसभर चकत्याच हाताळणाऱ्या बाईला हे इतक्या खटपटीनं सापडलं असेल, तर ते सहज सुचणारं कसं? आम्हाला याच पुराव्याची गरज होती. पण पेटंटच्या फॉर्मवर शोध लावणाऱ्याच्या रकान्यात एकट्या अविनाशचं नाव होतं. तो फॉर्म मीच भरला होता. आणि मी विचारलं नव्हतं.

शनिवारी सगळे माझ्या ऑफिसात जमले.

"आत्ताच बाईचं नाव कशाला?" भाऊसाहेब म्हणाले. "निकाल लागू द्या. मग घाला."

"पुड्या तिच्या, तर शपथपत्रही तिचंच लागणार. समोरचा वकील विचारणारच, की नाव आधी का नव्हतं. आपणच सांगितलेलं बरं."

अविनाश खाली बघत म्हणाला, "मॅडमनी विचारलं नाही हे खरं. पण मला माहीत होतं. मी बोललो नाही."

एक भागीदार उठला आणि निघून गेला. नंतर तो कंपनीतूनही बाहेर पडला. भाऊसाहेब म्हणाले, "खरं हाय ते लिहा. जाईल तर जाईल."

मी सुमनबाईंचं शपथपत्र केलं, नाव घालायचा वेगळा अर्ज केला. मुंबईच्या पेटंट ऑफिसातल्या सुनावणीत समोरच्या वकिलाने नावावरून आम्हाला चांगलंच झोडपलं. अधिकाऱ्यांनी मात्र पुड्या एकेक करून उघडल्या आणि टेबलावर मांडल्या. सुमनबाई मागच्या खुर्चीत पदर घट्ट धरून बसल्या होत्या.

मग नुसती वाट बघणं. भाऊसाहेब सोमवारी यायचे, त्या वर्षीच्या लिंबाएवढ्या मोसंब्या पिशवीतून आणायचे. आम्ही त्या सोलत पाण्याच्या, टँकरच्या, लासूरच्या बाजाराच्या गप्पा मारायचो. निकालाचा विषय कुणी काढायचं नाही. ते सोमवार मला अजून आठवतात. इतक्या काळजीचे दिवस इतके जवळचे वाटतील, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

कित्येक महिन्यांनी निकाल आला. मी दोनदा वाचला आणि भाऊसाहेबांना फोन लावला.

"टिकलं," मी म्हणाले. "पण थोडं. डबीवरचा हक्क गेला, तसल्या डब्या आधीपासून होत्या. वाकडा काप तेवढा आपला."

"म्हणजे बाईचं राहिलं आन् इंजिनिअरचं गेलं?"

"तसंच."

ते पलीकडे हसले. मग म्हणाले, "शेडवाल्याला बोलावतो."

सुमनबाईंचं नाव घालायचा अर्जही मंजूर झाला होता; निकालाचा कागद घेऊन मी स्वतः जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी आपलं नाव कुठं आहे ते विचारलं, त्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा कामाला बसल्या.

तेव्हापासून नवीन क्लायंट आला की मी केबिनमध्ये बसत नाही. आधी वर्कशॉपमध्ये जाते आणि वस्तू हाताने कोण करतं, ते विचारते. शोध कुणाचा, हा प्रश्न फॉर्ममध्ये पहिल्यापासून छापलेलाच आहे. मी तो भरत होते, विचारत नव्हते.